टेबलाच्या पाठीतली खिडकी

ऑक्टोबर सुरू झाला की माझ्या लेकीचा कॉम्प्युटर घुरघुरायला लागतो. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे, पुढे पंखे, मागे पंखा, डोक्यावरही पंखे, असा तो थाटाचा डबा आहे. ती त्यावर इमारतींचे आराखडे करते, आणि दुपारी त्याचा आवाज चढला की तिच्या कपाळाला आठी पडते. मग मी स्वयंपाकघरातून येते, हात पदराला पुसते आणि डब्याच्या मागे तळवा धरते. कोरडी, गरम हवा तळव्याला लागते. "येतेय गं," मी सांगते. लेक हसते. "आई, इथं स्क्रीनवर सगळं दिसतं की. तू दरवेळी हात लावून काय बघतेस?"

तिला काय सांगणार! ती हवा तळव्याला लागली, तापलेल्या धुळीचा तो वास नाकात गेला, की मी पालघरच्या या दुसऱ्या मजल्यावरून थेट बोईसरच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत जाऊन पडते. नव्वदीची अखेर आहे, मी बारावीला आहे, आणि माझी ताई सासरहून परत आलेली आहे.

बोईसरचा ऑक्टोबर ज्यानं काढलाय त्यालाच तो ठाऊक. पाऊस गेलेला असतो, पण जमिनीतलं पाणी गेलेलं नसतं. वरून ऊन भाजतं आणि खालून वाफ येते, आणि मधल्या मध्ये माणूस शिजतो. बेटेगावच्या बाजूला भात पिवळं पडलेलं असायचं. डोंगराकडची माणसं आपापलं थोडंसं भात कापून झालं की इकडच्या शेतांवर कापणीला उतरायची, आणि सकाळी सायकलवरून क्लासला जाताना कापलेल्या भाताचा ओला गोड वास यायचा. दुपारी वारा पडला की तो वास जाऊन कारखान्यांचा यायचा. एखाद्या दिवशी आंबट, एखाद्या दिवशी कुजक्या लसणासारखा, आणि कधी असा काही, की त्याला नावच देता यायचं नाही. संध्याकाळी तारापूरच्या अंगानं खारा वारा सुटायचा आणि सुकत घातलेल्या मासळीची खबर घेऊन यायचा. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आई पदर नाकाला लावून म्हणायची, "या गावाला धड एक वास नाही."

बाबांचं भांडण वासाशी नव्हतं, हवेशीच होतं. ते एका कारखान्यात फिटर होते आणि गंज हा त्यांचा जन्माचा वैरी होता. कारखान्यात पाइपांवरचा गंज खरवडायचा आणि घरी येऊन सायकलच्या साखळीवरचा. आमच्याकडे खिडकीचे गज गंजायचे, लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजायच्या, आईच्या शिवणाच्या डब्यातली सुईसुद्धा एका पावसाळ्यात तांबडी व्हायची. समुद्राचं मीठ आणि कारखान्यांचा धूर एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? "इथली हवा लागली की वस्तू गेली," हे बाबांचं ठाम मत होतं. त्यामुळे आमच्या घरात सगळ्याला कपडे होते. टीव्हीला क्रोशाचं पांघरूण, मिक्सरला शिवलेली टोपी, रेडिओला चामडी अंगरखा. रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीतच राहायचा, त्याची बटणं कुठल्या रंगाची आहेत हे आम्हाला कधी कळलंच नाही. जपायचं म्हणजे झाकायचं, हे आम्ही असं दुधाबरोबरच शिकलो होतो.

श्रावणात ताई एक बॅग घेऊन एकटीच परत आली, तेव्हा तिलाही आम्ही तसंच जपलं.

सासरी काय झालं ते तिनं आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही, पण तिच्या दंडावरचे डाग मी पाहिले होते. त्या दिवसापासून ओट्याकडची आमची खिडकी बंद झाली. आमच्या खोल्या एका रांगेत होत्या आणि सगळ्यांचा ओटा एकच होता, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर सहज आत पडायची. लोक विचारतील, लोक बोलतील, पोरीला त्रास होईल, म्हणून खिडकी बंद आणि दार लोटलेलं. आईनं खिडकीला वर पडदाही लावला. ताईला नळावर जाऊ द्यायचं नाही, बाजारात मी जायचं. यात दुष्टपणा काडीचा नव्हता. आईबाबा तिच्यावर जीव टाकायचे, आणि जीव टाकण्याची त्यांना माहीत असलेली रीत हीच होती. ताई त्या अंधाऱ्या खोलीत गुडघ्यांत मान घालून बसायची आणि मला भीती वाटायची की एक दिवस ती उठणारच नाही.

ती उठली कॉम्प्युटरमुळे. लग्नाआधी ती पालघरला एका छापखान्यात मजकूर जुळवायचं काम शिकली होती. तिथल्या मालकांनी, ज्यांना आम्ही प्रेसवाले काका म्हणायचो, नवीन मशीन घेतलं आणि जुनं तिला दिलं. "घरी बसून काम कर, मी पाठवत जाईन," म्हणाले. सोबत एक करकरणारा प्रिंटरही दिला. पांढरट पिवळा, उभा डबा. त्या डब्यालाच सगळे सीपीयू म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो.

बाबांनी त्यासाठी टेबल केलं. कारखान्यात आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचं लाकूड त्यांनी साहेबांना विचारून आणलं होतं. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून रंधा मारून मारून ते गुळगुळीत केलं. वर पडदा, म्हणजे मॉनिटर, ठेवायला जागा, त्याखाली कीबोर्डची सरकती फळी, आणि उजव्या हाताला सीपीयूसाठी खास कप्पा. कप्पा असा बेताचा, की डबा आत सरकवला की मापाचा बूट घातल्यासारखा बसायचा. मागे प्लायची पाठ, वायरींपुरतं एक भोक, पुढे दार आणि दाराला छोटी कडी. सगळं झाल्यावर बाबांनी दार लावलं, कडी घातली आणि कप्प्यावर हलकेच थाप मारली. "आता बघू कुठली हवा आत जाते ते." त्यांचा चेहरा इतका खूश होता, की आम्हीही खूश झालो.

आणि मग साताऱ्याकडून, ताईच्या सासरहून, निरोप आला. दिवाळीच्या पाडव्याला न्यायला येतो, तयार राहा.

त्या संध्याकाळी बाबांनी सायकलची साखळी काढून घासली. मग ताईला जवळ बसवून घेऊन म्हणाले, "तुला परत ढकलायची माझी इच्छा नाही, बाळ. पण मी आज आहे, उद्या नाही. तुझं तुला पेलतंय एवढं मला दिसू दे. दिसलं, तर त्यांना मी ‘नाही’ म्हणून सांगतो." ताईनं मान हलवली. तिच्या हातात तेव्हा एकच मोठं काम होतं, दातिवऱ्याच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीची स्मरणिका. दिवाळीच्या आत पुरी करायची होती. ती पुरी झाली तर ताई राहणार, नाही तर बॅग भरणार, इतका साधा तो हिशोब होता.

स्मरणिकेचं काम घेऊन जयवंतीमावशी यायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरी. दातिवऱ्याहून एसटीनं सफाळ्याला, तिथून रेल्वेच्या शटलनं बोईसर, असं करत त्या दुपारी दारात उभ्या राहायच्या तेव्हा घामानं चिंब असायच्या, पण आवाज खणखणीत. लोटलेलं दार त्या कोपरानं ढकलायच्या आणि म्हणायच्या, "दिवसाचं दार का लावता गो? आत काय खजिना हाय?" त्यांच्याजवळ फोटो असायचे, जाहिराती असायच्या, आणि आईसाठी कागदात बांधलेला सुका जवळा असायचा. "आमचा फोटू नीट येल ना, ताई? गेल्या टायमाला एकानं आमच्या अध्यक्षीणबाईचं डोकंच कापलं. वर्षभर बोलत नव्हती आमच्याशी."

ताई हसायची. सासरहून आल्यापासून ती हसली ती जयवंतीमावशींपुढेच.

काम सकाळी सुरळीत चालायचं. ताई पहाटे उठून बसायची, पानामागून पान लागायचं. उन्हं डोक्यावर आली की मात्र कॉम्प्युटर चालता चालता थिजायचा. पडद्यावरची अक्षरं तशीच, बाण हलेना, कळ दाबा नाही तर दाबू नका. बंद करून पुन्हा चालू करावा, तर घटकाभर चालून पुन्हा तेच. न साठवलेलं पान गेलेलं असायचं. ताई तेच पान पुन्हा टाइप करायला घ्यायची, आणि ते संपत आलं की मेला पुन्हा थिजायचा. एकदा जयवंतीमावशी समोर असतानाच हे झालं. त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग हातातला अध्यक्षीणबाईंचा फोटो उचलून त्यानं पडद्याला वारा घालायला लागल्या. "दमला हाय तो. उन्हाचं काम सांगता त्याला, जरा वारा नाय, पाणी नाय." आई म्हणाली, "अहो, मशीन आहे ते." "मग? मशीन झालं म्हणून काय झालं," असं म्हणून मावशी वारा घालतच राहिल्या. त्यांचा वारा जात होता पडद्याला, आणि ज्याला हवा होता तो खाली कप्प्यात, कडी लावून बसलेला. हे आज मी सांगू शकते. तेव्हा आम्हा कुणालाच त्याची गंधवार्ता नव्हती.

शेवटी ताईनं डबा चादरीत गुंडाळला आणि तो मांडीवर घेऊन आम्ही दोघी शटलनं पालघरला गेलो. समोरच्या बाईनं सरकून जागा दिली, तिला वाटलं ताईच्या कुशीत तान्हं मूल आहे. दुरुस्तीवाल्यानं डबा उघड्या टेबलावर ठेवून जोडला, चालू केला आणि दिवसभर चालू ठेवला. एकदाही थिजला नाही. "ताई, इथं तर मस्त चालतो," तो म्हणाला. "तुमच्या घरीच काय तरी होतंय." घरी आणला, कप्प्यात सरकवला, कडी लावली, आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आईनं त्याची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या तडतडल्या, तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

ताईच्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. तुमच्या घरीच काय तरी होतंय. तिनं डबा कप्प्यातून बाहेर काढला, त्याची एका बाजूची झाकणी उतरवली आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यापुढे लावला. आम्ही तिघी घामानं निथळत बसलो आणि कॉम्प्युटर वाऱ्याला बसला. दुपार गेली, थिजला नाही! ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आमच्या गावची हवा ती. दोन-चार दिवसांत आतल्या हिरव्या पट्टीवर पिवळसर धुळीचा थर बसला, बोट लावलं तर चिकट. आणि एका सकाळी आईनं झाडू टाकून किंकाळी मारली, कारण डब्यात पाल जाऊन बसली होती, अगदी मधोमध, घर बांधल्यासारखी. बाबांनी पाल काढली, फडक्यानं धूळ पुसली, झाकणी लावली आणि डबा पुन्हा कप्प्यात सारला. "सांगत नव्हतो? उघडं टाकलं की असंच होतं."

त्यांचंही खरं होतं. तेच तर अवघड होतं. बंद केलं की गुदमरतंय आणि उघडं टाकलं की नासतंय, आणि दसरा तोंडावर आलेला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. बाबा आदल्या दिवशीच करवत, पान्हे, हातोडी, रंधा घासूनपुसून तेल लावून ठेवायचे. त्या वर्षी ती सगळी कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ पाटावर मांडली, शेजारी ताईचा कीबोर्ड. आईनं कप्प्याचं दार उघडून सीपीयूलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, सगळ्यांवर आपट्याची पानं ठेवली. आमच्या घरचा नेम असा, की पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. करवतीलाही एक दिवस सुट्टी. ताईचं काम मात्र इतकं मागे पडलं होतं, की आईनं नाइलाजानं म्हटलं, "कीबोर्ड तेवढा उचल, देवाला कळतं." ताईनं कॉम्प्युटर चालू केला. कप्प्याचं दार तसंच उघडं होतं, समोर उदबत्ती जळत होती.

जेवणं झाली. बाबा भिंतीला टेकून पेंगत होते. दार लोटलेलं, खिडकी बंद, पडदा ओढलेला, आणि पुरणपोळीच्या जेवणानंतरची ती घामट दुपार. ताईचे हात चालता चालता थांबले. मला वाटलं, थिजला पुन्हा. पण ती पडद्याकडे बघत नव्हती, उदबत्तीच्या धुराकडे बघत होती.

धूर सरळ वर जात नव्हता. कप्प्याकडे वाकून डब्याच्या पुढच्या फटींत शिरत होता, कुणी ओढून घेतल्यासारखा. आणि थोड्या वेळानं डबा आणि वरची फळी यांच्यामधल्या फटीतून निळसर, दमलेला धूर परत पुढे येत होता. येत होता आणि पुन्हा त्याच फटींत शिरत होता.

"बाबा," ताई म्हणाली. "बाबा, उठा. हे बघा."

बाबा उठून आले, गुडघ्यावर बसले. ताईनं उदबत्ती उचलून पुढे धरली, मग बाजूला धरली. "मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतोय. पण मागे तुमची पाठ आहे. ती हवा आपटून पुढे येतेय आणि हा तीच परत आत ओढतोय. तीच तीच हवा, बाबा. सकाळी गार असते तोवर चालतं, दुपारी ती इतकी तापते की हा थिजतो."

बाबांनी डब्यावरच्या फटीतून कप्प्यात हात घातला, पार मागपर्यंत. आणि चटका बसल्यासारखा नाही, अगदी सावकाश तो बाहेर काढला. किती तरी वेळ ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या प्लायच्या पाठीकडे पाहिलं, जी त्यांनी चारी बाजूंनी इतकी बेमालूम बसवली होती की कागद सरकणार नाही. मला त्यांची फार दया आली. माणूस जीव ओतून एखादी गोष्ट करतो आणि त्या गोष्टीनंच आपल्या माणसाचं काम अडतंय हे त्याला कळतं, त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

"पाठ कापावी लागेल," ताई हळूच म्हणाली. "उद्या."

बाबांनी पाटावरची करवत उचलली. तिच्यावरचं आपट्याचं पान खाली पडलं.

"अहो!" आई ओरडली. "आज? पूजेतली?"

"तिचं काम आज अडलंय," बाबा म्हणाले.

त्यांनी टेबल भिंतीपासून ओढलं आणि दसऱ्याच्या दुपारी, कुंकू लागलेल्या करवतीनं, आपणच बसवलेल्या पाठीत चौकोनी खिडकी कापली. भुसा हळदीवर पडत होता. आई आधी तोंड फिरवून उभी होती, मग टेबल हलू नये म्हणून तिनंच ते दोन्ही हातांनी धरलं. कापून झाल्यावर बाबांनी कडा पॉलिशपेपरनं घासल्या, आईची मोडकी चाळण मागून घेतली, तिची जाळी कापून त्या खिडकीवर खिळ्यांनी ठोकली. पुढच्या दारालाही खालच्या बाजूला तसंच एक भोक आणि तशीच जाळी. "पाल नको आत," एवढंच म्हणाले.

ताईनं पुन्हा उदबत्ती धरली. धूर पुढून आत गेला आणि मागून सरळ बाहेर पडला. पुढे परत आला नाही. आम्ही चौघांनी पाळीपाळीनं मागे तळवा धरला. गरम हवा. कधी नव्हे ते गरम हवा लागल्याचा इतका आनंद आम्हाला झाला होता.

पण बाबा अजून विचारात होते. त्यांनी वर बघितलं, भिंतींकडे बघितलं, खिडकीच्या पडद्याकडे बघितलं. "ही गरम हवा खोलीतच राहिली, तर पुन्हा तेच की. ही खोली म्हणजे तरी काय, मोठा कप्पाच." ते खिडकीशी गेले. श्रावणापासून बंद राहून तिची कडी गंजली होती, त्यांना ती हातोडीनं ठोकून सोडवावी लागली. "अहो, लोक बघतील," आई म्हणाली. "बघू दे," बाबा म्हणाले. "पोरगी काम करतीय, चोरी नाही करत." त्यांनी खिडकी सताड उघडली, मग जाऊन दारही उघडलं. खोलीतून वारा आरपार गेला, आणि ताई डोळे मिटून तशीच उभी राहिली.

लेकीच्या त्या थाटाच्या डब्याला पुढे बारीक जाळी आहे. धूळ अडते, हवा जाते. महिन्यातून एकदा ती काढून मीच नळाखाली धुते, आणि धुताना मला दरवेळी आमची ती चाळण आठवते. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची आठवण येते ती फोटोकडे बघून फारशी नाही, ही जाळी धुताना येते. इतकी साधी गोष्ट समजायला आम्हाला एक अख्खा उन्हाळ्यासारखा ऑक्टोबर लागला, की झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे आणि उघड्यावर टाकणंही नव्हे. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी. मध्ये जाळी असावी, तेवढी मायेची.

स्मरणिका दिवाळीच्या आधी पुरी झाली. जयवंतीमावशी शेवटची पानं न्यायला आल्या तेव्हा दार उघडं बघून त्यांनी मुद्दाम कोपर हवेत मारलं. अध्यक्षीणबाईंचं डोकं जागेवर होतं, केसातल्या वेणीसकट. मावशींनी पानं छातीशी धरली, टेबलामागे वाकून जाळीपुढे हात धरला आणि म्हणाल्या, "हां. आता बरा हाय तो." प्रेसवाल्या काकांनी लगेच पुढचं काम पाठवलं, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नपत्रिका. ताई लोकांची लग्नं जुळवत बसली आणि पाडवा उजाडला.

सासरचे सकाळीच आले. ताईचे सासरे आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा. सासऱ्यांचा फेटा कडक इस्त्रीचा, दाजींच्या हातात मिठाईचा पुडा. ओट्यावर रांगोळ्या होत्या, सगळ्या खोल्यांची माणसं बाहेर होती. ताई टेबलाशी पाठमोरी बसून पत्रिका टाइप करत होती. उठून तिनं नमस्कार केला, पाणी दिलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. मी आईचा हात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

सासऱ्यांनी पाणी पिऊन घसा साफ केला. मग दाराकडे बघून म्हणाले, "दार लावून घ्या जरा. घरातलं बोलणं आहे."

दाजी उठलेच दार लावायला.

"राहू द्या, पाहुणं," बाबा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "दार उघडंच राहू दे. कॉम्प्युटर चालू आहे, त्याला हवा लागते."

दाजी अर्धे उभे, अर्धे वाकलेले, तसेच थांबले. खोलीत फक्त ताईच्या कळांचा आवाज येत होता. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला कामगार दुसऱ्या पाळीला निघाला होता, तो दारातून डोकावला. "चाचा, हॅपी दिवाली!" बाबांनी हात वर केला. पलीकडच्या खोलीतल्या काकू रांगोळीत रंग भरता भरता हळूहळू आमच्या दाराकडच्या बाजूचा रंग भरायला लागल्या. सासरे जे बोलायला आले होते ते बंद दाराआडचं बोलणं होतं. त्यातला प्रत्येक शब्द आवाज चढवून बोलायचा होता, आणि उघड्या दारात तो त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा ओट्याकडे बघून आवाज खाली आणला. शेवटी दाजींनीच विचारलं, "मग कधी यायचं ठरवलंय?"

ताईच्या कळा थांबल्या. ती खुर्चीतच वळली.

"मी येणार नाही," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात.

सासऱ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिनं सांगितलं ना. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला. मिठाईचा पुडा टीपॉयवर राहिला. पायताणं घालून ते ओटा उतरून गेले, आणि आमच्यापैकी कुणीही दार लावायला उठलं नाही. ताई खुर्चीवरून खाली उतरून टेबलामागे जमिनीवर बसली. तिनं दोन्ही तळवे त्या चाळणीच्या जाळीपुढे धरले, थंडीत शेकोटीपुढे धरतात तसे, आणि बाबा जाऊन तिच्याशेजारी बसले. त्यांनीही आपला तळवा तिथंच धरला.

"येतेय?" त्यांनी विचारलं.

"येतेय, बाबा," ताई म्हणाली.